सिस्टरला देवी म्हणून मोकळे होऊ नका

१२ मे, म्हणजे परिचारिका दिन आला की हातात दिवा घेतलेली नाइटिंगेल बाई आपल्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरते. खाली ठरलेली ओळ असते, 'परिचारिका म्हणजे देवाचं रूप'. मला ही ओळ आता खटकते. देवाला पगार लागत नाही. आज तुझ्याकडे किती खाटा आहेत, हेही देवाला कोणी विचारत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमचे आबा, म्हणजे मोठे काका, जळगावला एका खासगी दवाखान्याच्या आयसीयूत व्हेंटिलेटरवर होते. बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि नातेवाइकांसाठी पार्किंगमधलं पत्र्याचं शेड. मोठीमायने, म्हणजे काकूने, काचेतून आबांचे हात खाटेला पट्टीने बांधलेले पाहिले आणि तिथंच हंबरडा फोडला, "मना माणूसले ढोरसारखं बांधेल शे!" वॉचमन तिच्यावर खेकसला. आतून एक सिस्टर आली. नंदुरबारकडची पोरगी, पंचविशीतली असेल. तिने मोठीमायला बाजूला बसवलं आणि अहिराणीतच समजावलं. गुंगीत पेशंटचा हात आपसूक तोंडाकडे जातो, घशातली नळी ओढली गेली तर जिवावर बेततं, म्हणून हात बांधलेत. ती नळी स्वरयंत्रातून जाते, म्हणून आबांचा आवाज निघत नाही, ते रुसलेले नाहीत. मग आत नेऊन म्हणाली, "हात धरा, बोला त्यांच्याशी. ऐकू येत असेल असंच समजून बोला."

दुसऱ्या दिवशी तिने आमच्याकडे आबांचा चष्मा आणि कानाचं मशीन मागितलं. दोन्ही घरी पडलेलं. आयसीयूत दिवसरात्र दिवे आणि मॉनिटरची टिंगटिंग, त्यात म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो, कुठे आहोत तेच कळत नाही. दिसलं, ऐकू आलं, घरचा आवाज कानावर पडला की माणूस लवकर भानावर येतो. गुंगी कमी केल्यावर डॉक्टर मराठीत विचारत, आबा नुसते बघत राहत. सिस्टर अहिराणीत म्हणायची, "आबा, डोया उघाडा, तुमना पोऱ्या उना," म्हणजे तुमचा पोरगा आला, आणि आबा डोळे उघडत.

डॉक्टर नातेवाइकांना भेटायचे दिवसातून एकदा, उभ्या उभ्या. त्याआधी तिने ग्लोव्हजच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आम्हाला प्रश्न लिहून दिले. व्हेंटिलेटरचा आधार कालपेक्षा कमी केला का? किडनी कशी आहे? पुढचे दोन दिवस कशाची भीती आहे? उत्तरं तिने स्वतः दिली नाहीत, ते तिचं काम नाही. पण काय विचारायचं हेच माहीत नसलेल्या माणसाला प्रश्न मिळणं ही केवढी गोष्ट आहे, हे त्या शेडमध्ये बसल्याशिवाय कळत नाही.

शेजारच्या खाटेवर धडगावकडची एक पावरा आदिवासी बाई होती. तिच्या माणसांना मराठी जेमतेम. सिस्टरने पावरी बोलणारी आया शोधून आणली. बाई वाचली नाही. घरच्यांना आत बोलवायच्या आधी सिस्टरने तिचा चेहरा पुसला, चिकटपट्टीच्या खुणा काढल्या, केस विंचरले. अंगावरची चांदी एकेक नग मोजून, कागदावर लिहून नवऱ्याच्या हातात दिली.

आता माझा मुद्दा. यातलं बरंचसं तिने ओव्हर दिल्यानंतर, म्हणजे पुढच्या सिस्टरकडे काम सोपवून ड्युटीची पाळी संपल्यावर केलं. कारण पाळीत तिच्याकडे तीन पेशंट होते. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आयसीयूत एका खाटेमागे एक परिचारिका असा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली केंद्र सरकारला खासगी दवाखान्यांतल्या नर्सच्या पगाराचा विषय घ्यायला लावला. त्यावर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही महिना किमान २०,००० रुपये द्या अशी शिफारस केली. आपल्या जळगाव-धुळ्यात ते किती जणींना मिळतात, ओळखीच्या एखाद्या सिस्टरला विचारून बघा. ती आधी इकडेतिकडे बघेल, मग सांगेल.

नातेवाइकांशी बोलणं हा चांगुलपणा धरला की ते ड्युटीत मोजायची गरज उरत नाही, मालकाचं फावतं. आणि कोणीच न बोलल्यामुळे शेडमधल्या लोकांचं डोकं फिरलं, की शिव्या पडतात त्याच सिस्टरला. दवाखान्यात हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेचा कायदा महाराष्ट्रात २०१० पासून आहे. पण काचेआड काय चाललंय ते रोज अर्धा तास बसून सांगणारं माणूस नेमा, असं कोणी म्हणत नाही. (एलईडीचा बोर्ड लावायला मात्र पैसे असतात.)

आबा घरी आले, आता चहात साखर कमी म्हणून भांडतात. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर फीडबॅकचा फॉर्म दिला. मी सिस्टरचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, 'हिच्याकडे तीन पेशंट होते, कमी करा. नातेवाइकांशी बोलायचा वेळ तिच्या ड्युटीत धरा.' काउंटरवरच्या पोराने वाचलं आणि म्हणाला, "भाऊ, इथं फक्त स्टार द्यायचे असतात."

मी फॉर्म तसाच ठेवून आलो. तुमच्यावर वेळ आली तर तुम्हीही हेच लिहा.