जुन्या ट्रॅक्टरला टर्बो: एका दाव्याबाबत खुलासा

‘जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाला टर्बोचार्जर जोडला की डिझेल तेवढेच लागून ताकद दीडपट होते’ हा सध्या फिरणारा दावा चुकीचा आहे. टर्बोचार्जर एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या, जोरावर फिरून सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. ताकद मात्र जळणाऱ्या डिझेलमधूनच येते. इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाची सेटिंग तशीच ठेवली, तर ज्वलन सुधारून काळा धूर कमी होतो, ताकदीत मात्र थोडाच फरक पडतो. खरी वाढ हवी असेल तर डिझेल वाढवावे लागते, आणि तिथेच अडचण सुरू होते: मुळात टर्बोशिवाय चालण्यासाठी बनवलेल्या इंजिनात पिस्टनला खालून ऑइलच्या फवाऱ्याने थंड करण्याची सोय बहुधा नसते, त्यामुळे वाढलेल्या उष्णतेने पिस्टनचा माथा वितळू शकतो किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे झाकण यांच्यामधली सील) उडू शकते. क्लच आणि गिअरबॉक्सवरचा ताण तर कोणी मोजतच नाही.

टर्बोची दांडी मिनिटाला 1 लाखाच्या आसपास फेरे घेते आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगते. म्हणून स्वच्छ ऑइलची स्वतंत्र नळी हवीच, शिवाय नांगरणीनंतर इंजिन बंद करण्यापूर्वी ते दोन-तीन मिनिटे भार न देता रिकामे चालवावे.