हिरव्या पडलेल्या मनी प्लांटबद्दल: एक स्टारच्या रिव्ह्यूला लातूरच्या नर्सरीचं उत्तर

ताई, नमस्कार.

दिवाळीनंतर तुम्ही आमच्याकडून पांढऱ्या-हिरव्या पानांचा मनी प्लांट नेलात, 'मार्बल क्वीन'. तुमची तक्रार अशी, की उन्हाळा लागेपर्यंत नवीन पानं नुसती हिरवी यायला लागली. खत घातलं तरी फरक नाही. मग उजेड मिळावा म्हणून एप्रिलमध्ये कुंडी गॅलरीत ठेवली, तर आठवड्यात पांढरा भाग करपला. दुकानातल्या मुलाने "उजेडात ठेवा" एवढंच सांगितलं होतं, आणि आम्ही रंग मारून झाड विकलं असावं असा तुमचा संशय आहे.

आधी संशयाचं बोलतो, कारण तो मला सगळ्यात जास्त लागला. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून बघा. वेलाची खालची, आमच्याकडून गेलेली पानं आजही तशीच चितकबरी आहेत. रंग मारलेला असता तर आधी तीच पानं उघडी पडली असती. हिरवी आहेत ती शेंड्याकडची, म्हणजे तुमच्या घरात उमललेली. पान एकदा पूर्ण उघडलं की त्याची नक्षी सहसा फारशी बदलत नाही. पुढचं पान कसं येणार हे त्या जागेवरचा उजेड ठरवतो.

पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतं, म्हणून तो भाग अन्न तयार करत नाही. हिरव्या भागाच्या कमाईवर अख्खं पान जगतं. याच कारणाने मार्बल क्वीन साध्या मनी प्लांटपेक्षा हळू वाढतो आणि महागही पडतो. उजेड कमी पडला की नवीन पानात हिरवा भाग वाढतो, पांढरा आक्रसतो. झाडाला जगायचं असतं. त्यात एखादा फुटवा पूर्ण हिरवा निघाला, तर तो जोरात वाढतो आणि चितकबऱ्या फांद्यांना मागे टाकतो. खताने यातलं काही बदलत नाही. अंधाऱ्या जागी दिलेलं खत झाड फारसं उचलत नाही, ते मातीत साठून राहतं. उजेड सुधारेपर्यंत ते बंदच ठेवा.

फोटोत कुंडी टीव्हीच्या युनिटवर आहे, खिडकी समोरच्या भिंतीला, मध्ये दहा-बारा फूट अंतर आणि वर पडदा. तो हॉल तुम्हाला उजेडाचा वाटत असणार, त्यात चूक काहीच नाही. आपले डोळे कमी उजेडाला लगेच सरावतात, पण पानाला ती सोय नाही. मोबाईलमध्ये उजेड मोजायचं फुकट ॲप मिळतं. ते अगदी अचूक नसतं, पण दोन जागांमधला फरक त्यात चांगला कळतो. ट्यूबलाइट लावलेल्या हॉलच्या कोपऱ्यात ते शे-दोनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) दाखवेल. मार्बल क्वीनची नक्षी टिकवायची असेल तर दिवसाच्या बऱ्याचशा वेळात दोन-अडीच हजारांच्या खाली जाऊ देऊ नये, असा आमचा अनुभव आहे. चार-पाच हजार असेल तर उत्तमच. आणि भर दुपारी उघड्यावर किती असतो? एक लाखाच्या आसपास. म्हणजे टीव्हीजवळून गॅलरीत जाताना तुमच्या झाडावरचा उजेड एका दिवसात निदान पाचशे पट वाढला, तोही एप्रिलमध्ये, पारा चाळीसच्या वर असताना. पांढऱ्या भागाकडे ते झेलायला काहीच नसतं, म्हणून तोच आधी भाजतो.

ॲप नको असेल तर सकाळी अकराच्या सुमारास पानाजवळ पांढरा कागद धरा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावली पडली आहे, बोटं वेगवेगळी ओळखू येतात पण कडा मऊ आहेत, तर जागा योग्य आहे. सावलीची कड सुरीसारखी धारदार असेल तर ते थेट ऊन झालं. सावलीच दिसत नसेल तर पांढरी पानं विसरा.

आता खिडकीचं. व्हिडिओत "दक्षिणेची खिडकी सगळ्यात चांगली" असं सांगतात, ते बहुतेक थंड देशांचं गणित असतं. लातूरला मेच्या मध्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. तेव्हापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा थेट ऊन आत येतच नाही. उलट डिसेंबरमध्ये सूर्य खाली उतरतो आणि त्याच खिडकीतून ऊन चांगलं आतपर्यंत येतं. त्यामुळे दक्षिणेला कुंडी ठेवायची तर हिवाळ्यात जरा मागे सरकवा, उन्हाळ्यात काचेजवळ आणा. पूर्वेची खिडकी मला सगळ्यात पसंत. सकाळचं कोवळं ऊन तास-दीड तास लागलं तरी बिघडत नाही. उत्तरेची खिडकीही चालते, फक्त कुंडी काचेपासून दोन फुटांच्या आत हवी. पश्चिमेला मार्च ते जून ठेवूच नका. ठेवायचीच असेल तर मध्ये पातळ पांढरा पडदा किंवा शेडनेट लावा.

आणखी एक गोष्ट परदेशी व्हिडिओत कधीच येत नाही. आपल्याकडे मार्च संपला की खिडकीत कूलर बसतो. अर्धी-पाऊण खिडकी झाकली जाते, उरलेल्या काचेला उन्हासाठी काही ना काही लावतात, आणि वर्षभर तगलेलं झाड नेमकं तेव्हा हिरवं पडतं. कूलर बसवला की कुंडीची जागाही बदला. कूलरचा झोत पानांवर येऊ देऊ नका. दुसरी खिडकी नसेल तर साधा पांढरा एलईडी बल्ब कुंडीवर फूटभर अंतरावर, रोज बारा तास लावा. त्यावर झाड छान चालतं.

करपलेली पानं बरी होत नाहीत, पण सगळीच काढू नका. जितका भाग हिरवा आहे तितकं ते पान अजून कमावतंय. डाग कुठे आहे तेही बघा. पानाच्या मधोमध, पांढऱ्या भागावर, कागदासारखा कोरडा डाग म्हणजे ऊन. टोक आणि कडा तपकिरी असतील आणि मातीवर पांढरा थर असेल, तर बोअरच्या पाण्यातले क्षार. तुमच्या फोटोत मला दोन्ही दिसतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर तेच द्या.

हिरव्या शेंड्याचं काय करायचं ते दांडीवर ठरतं. दांडी हातात घेऊन नीट बघा. तिच्यावर पांढरट रेघ अजून असेल तर छाटू नका, जागा बदला, पुढची पानं चितकबरी येऊ लागतील. रेघ संपून दांडी पूर्ण हिरवी झाली असेल, तर मागे मागे येत शेवटचं रेघ असलेलं पेर शोधा आणि त्याच्या थोडं पुढे कापा. त्या पेराच्या डोळ्यातून नवा फुटवा येईल. डोळा रेघेवर असला तर तो चितकबरा निघण्याची शक्यता जास्त.

गॅलरीतून कुंडी आत घेतलीच असेल. यापुढे कुठेही हलवायची झाली तर दहा-पंधरा दिवसांत थोडी थोडी सरकवत न्या.

एक स्टार काढा असं मी म्हणणार नाही, तो तुमचा हक्क आहे. पण छाटणीची भीती वाटत असेल तर मृगाचा पाऊस पडल्यावर कुंडी घेऊन या, सकाळी दहाच्या आत. पावसाळ्यात मनी प्लांटच्या कटिंगला लवकर मुळं फुटतात. तुमच्यासमोर छाटून देतो, त्याचे पैसे नाहीत. खिडकीचा एक फोटोही काढून आणा, कुंडी नेमकी कुठे ठेवायची ते त्यावर खूण करून सांगतो. आणि छाटलेला हिरवा वेल टाकू नका, पाण्याच्या बाटलीत लावून टीव्हीजवळच्या त्याच कोपऱ्यात ठेवा. तिथे तो निवांत जगेल.