‘रातपाळी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर, एका बाटल्या मोजणारीकडून

‘रातपाळी’ यांस नमस्कार.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू शोधणारी सूक्ष्मजीवतज्ज्ञ. दाखल पेशंटच्या तापावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही परवा रात्री पावणेतीनला प्रतिक्रिया लिहिलीत. म्हटलं, राग निवला की उत्तर द्यावं. दोन दिवस थांबले. फारसा निवला नाही, तेव्हा आता लिहूनच टाकते.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. लेखात मी म्हटलं होतं की वॉर्डातल्या पेशंटला ताप आला तर आधी संसर्ग कुठे आहे ते शोधा, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी ब्लड कल्चर घ्या (म्हणजे रक्त बाटल्यांत घालून त्यात जंतू वाढतात का ते बघा) आणि रिपोर्ट आल्यावर औषध आवरतं घ्या, म्हणजे सापडलेल्या जंतूपुरतंच ठेवा. यावर तुमचं म्हणणं असं की पेशंट शॉकमध्ये (म्हणजे रक्तदाब धोकादायक घसरलेला) असेल तर औषध किती वेळात सुरू करायचं हे लेखात कुठेच नाही, कल्चरसाठी सांगितलेलं रक्ताचं प्रमाण चूक आहे, लेख पाल्हाळिक आहे; आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं: ‘बाटल्या मोजणाऱ्यांनी पेशंटच्या उशाशी उभ्या राहणाऱ्यांना शहाणपण शिकवू नये.’

रक्ताच्या प्रमाणाचं तुमचं बरोबर आहे. मोठ्या माणसाच्या एका बाटलीत मी ५ मिलिलिटर लिहिलं होतं, हवं ८ ते १०. दोन बाटल्यांचा एक सेट, म्हणजे सेटला साधारण २० मिलिलिटर, आणि असे निदान दोन सेट, दोन वेगळ्या जागांवरून. चूक माझी, दुरुस्त केली आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. मनापासून म्हणते आहे.

आता बाटल्या मोजण्याचं.

हो, मोजते. का, ते सांगते. चार बाटल्यांपैकी एकीत कातडीवर एरवीच राहणारा स्टॅफिलोकॉकस जातीचा जंतू वाढला, तर बहुतेक वेळा तो सुईबरोबर कातडीवरून आत आलेला असतो. तोच चारही बाटल्यांत वाढला तर गोष्ट वेगळी; मग पेशंटला सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आहे का, हृदयात कृत्रिम झडप आहे का, हे मी फोनवर विचारते. आणि स्टॅफ ऑरियस, म्हणजे त्याचाच जास्त घातक भाऊबंद, असेल तर एका बाटलीत सापडला तरी मी त्याला कचरा म्हणत नाही. पण वॉर्डातून मुळात एकच बाटली आली, तीही बाजूच्या खुणेच्या रेघेपर्यंत न भरलेली, सुईने जेमतेम दोन मिली सोडलेली, तर मी मोजू काय? त्या रिपोर्टाचा अर्थ देवालाही लावता येणार नाही. आणि मग तुमच्यासारखेच कुणीतरी म्हणतात, ‘लॅबचं काही खरं नसतं.’

बाटल्या मशीनमध्ये ठेवतात; जंतू वाढल्याचं सांगायला मशीन वाजलं की बाटलीतला थेंब काचपट्टीवर घेऊन ग्रॅम स्टेन करतात, म्हणजे जंतू रंगवून बघतात. दहा-पंधरा मिनिटांत जांभळे घोस दिसतात की गुलाबी काड्या, ते कळतं. जंतूचं पूर्ण नाव आणि कोणतं औषध त्याला लागू पडेल हे कळायला बहुधा आणखी एक-दोन दिवस जातात, पण घोस की काड्या एवढ्यावरच पुष्कळदा औषध बदलावं लागतं. म्हणून आम्ही फोन करतो, मध्यरात्रीही. तो फोन तुमच्या बाजूला कितीदा उचलला जातो आणि उचलल्यावर ‘सकाळी राउंडला सांगा’ हे किती वेळा ऐकायला मिळतं, ते तुम्हीच सांगा. रात्रपाळी तुमचीच आहे.

आणि राहता राहिली उशाशी उभं राहण्याची गोष्ट. तुमचं वय मला माहीत नाही, प्रतिक्रियेच्या सुरावरून तिशीच्या अलीकडे असावं. मी लॅबमध्ये जन्मले नाही. त्याआधी मेडिसिनच्या वॉर्डात हाउसमन (शिकाऊ निवासी डॉक्टर) होते आणि सलग छत्तीस तासांच्या ड्युट्या केल्या आहेत. त्यातली एक पेशंट तुम्हाला सांगते.

सत्तरीच्या बाई, अर्धांगवायूने दाखल, लघवीला कॅथेटर, म्हणजे नळी. सहाव्या दिवशी ताप. मी लघवी कल्चरला पाठवली, क्लेबसिएला नावाचा जंतू वाढला, भरपूर. झालं! कारण सापडलं म्हणून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक सुरू केलं. ताप उतरेना तेव्हा ‘हायर’, म्हणजे वरच्या पायरीचं, म्हणून मेरोपेनेम. कॅथेटर असलेल्या माणसाच्या लघवीत दर दिवसागणिक ३ ते ८ टक्के या वेगाने जंतू येतच जातात, महिन्याभरात जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत ते सापडतात, आणि लक्षणं नसतील तर त्यांना औषध द्यायचं नसतं, हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते. पण समोर ताप होता आणि हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट होता, त्यामुळे दोन्हींची गाठ मीच मारून टाकली. ब्लड कल्चर? ‘आता अँटिबायोटिक चालूच आहे, काय उपयोग,’ असं म्हणून घेतलंच नाही.

चौथ्या रात्री सलाईन बदलायला आलेल्या सिस्टरने बाईंच्या डाव्या मनगटावरची पट्टी सोडली. दाखल झाल्या रात्री इमर्जन्सीत लावलेली ती सुई. नंतर उजव्या हाताला नवी लावली, पण ही काढायची राहून गेली. पट्टीखाली सुईच्या तोंडाशी पिवळा थेंब होता आणि तिथून कोपराकडे एक लाल, दोरीसारखी ताठ शीर गेली होती. सिस्टर मला काही बोलली नाही. नुसती पट्टी हातात धरून उभी राहिली.

त्या रात्री घेतलेल्या चारही बाटल्यांत स्टॅफ ऑरियस वाढला, मेथिसिलिनला न जुमानणारा, म्हणजे ज्याच्यावर मेरोपेनेम पाण्यासारखं. आग रामेश्वरी आणि मी बंब सोमेश्वरी घेऊन चार दिवस बसले होते. सुई काढली, व्हँकोमायसिन सुरू केलं, रक्त स्वच्छ होईपर्यंत कल्चर पुन्हा पुन्हा घेतलं, हृदयाची इको केली. या जंतूला रक्तात पकडलं की निदान चौदा दिवसांचं औषध ठरलेलं; बाईंना दुसऱ्या आठवड्यात पाठ दुखायला लागली, मणक्यात संसर्ग निघाला, आणि चौदाचे सहा आठवडे झाले. त्या वाचल्या. त्यांच्या मुलाने जाताना मला पेढ्यांचा पुडा दिला, तो मला घेववेना.

आता मुद्दा. त्या चार दिवसांत मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या उशाशीच उभी होते. उशाशी उभं राहिल्याने काही दिसतंच असं नसतं, पट्टी सोडावी लागते. (ती सोडणारी सिस्टरही रातपाळीलाच होती, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते.) पुढे मी सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळले त्यात या बाईंचा मोठा वाटा आहे. तेव्हा बाटल्या मोजणाऱ्यांना वॉर्ड माहीत नसतो, हे निदान मला तरी सांगू नका. टोपणनावामागून तर नकोच.

तुमच्या वाक्यातला ‘शहाणपण’ हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. मी लिहिलं त्याला शहाणपण म्हणत असतील तर ते माझं नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सेप्सिसच्या (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेल्या) त्याच पेशंटांचं रक्त अँटिबायोटिकआधी आणि औषध सुरू झाल्यावर दोन तासांच्या आत असं दोनदा घेतलं. आधीच्यात ३१ टक्के कल्चर पॉझिटिव्ह, नंतरच्यात १९. म्हणजे एका डोसने एवढे पुरावे पुसले गेले. पुरावा पुसला की जंतूचं नाव कळत नाही, नाव कळलं नाही की औषध आवरतं घेता येत नाही, मग तीन-तीन अँटिबायोटिक्स दहा दिवस चालतात, आणि अकराव्या दिवशी पेशंटला क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलचे (अँटिबायोटिकच्या माऱ्यानंतर आतड्यात फोफावणाऱ्या जंतूचे) जुलाब लागले की तीही बाटली, म्हणजे डबी, आमच्याकडेच येते. साप साप म्हणून भुई धोपटण्याची किंमत धोपटणारा देत नाही.

शॉकचं. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मला तोंडपाठ आहेत: शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर अँटिबायोटिक तासाच्या आत, शॉक नसून नुसती शंका असेल तर झटपट तपास करायचा आणि शंका टिकली तर तीन तासांच्या आत. तुम्ही २००६ च्या अभ्यासातला, औषधाला होणाऱ्या दर तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता ७.६ टक्क्यांनी घटते हा आकडा फेकलात. तो आकडा रक्तदाब घसरलेल्या पेशंटांचा होता. माझ्या लेखातला पेशंट पलंगावर उठून बसलेला, ‘घरी कधी सोडणार’ विचारणारा होता. लेख त्याच्यावर होता, म्हणून शॉकचं त्यात नव्हतं. एक ओळ घालायला हवी होती असं कुणी म्हणेल, म्हणो. शिवाय कल्चर घेणं म्हणजे कल्चरच्या रिपोर्टाची वाट बघणं नव्हे, हे मी दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं आहे. दोन ठिकाणी सुई टोचून रक्त काढायला जेवढी मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात सिस्टर औषधाचं इंजेक्शन भरून तयार ठेवते. रक्त निघालंच नाही तर थांबू नका, डोस द्या. तुमचं-माझं भांडण इथे आहे असं मला वाटत नाही, पण तुम्हाला ते हवं होतं असं दिसतं.

पाल्हाळाबद्दल काही म्हणत नाही. हे उत्तरही लांबलंच आहे.

‘पेशंट दगावला तर तुमचा रिपोर्ट काय कामाचा’ असंही एक वाक्य मध्ये होतं. त्याला उत्तर देत नाही. रात्री पावणेतीनला लिहिलेलं माणसाने माणसाला माफ करावं असं मी समजते, आणि ती वेळ मीही काढली आहे.

प्रतिक्रियेच्या शेवटी ‘हे तुम्ही काढून टाकणार, माहीत आहे’ असं लिहिलंत. काढलेली नाही, जशीच्या तशी तिथे आहे. फक्त ‘मेरोपेनम’चं ‘मेरोपेनेम’ केलं आहे.