पावसाळा, प्रायमर आणि ड्रॅगनचे पंख

छोट्या मूर्ती (मिनिएचर) रंगवायचा माझा छंद, आणि दरवर्षी जून लागला की माझं डोकं फिरतं. 28 मिमीचा शिपाई असेल तर ब्रशने प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, लावून मोकळं होता येतं. पण ड्रॅगन? एकेक पंख तळहाताहून मोठा, पातळ, ताणलेल्या कातड्यासारखा. त्यावर ब्रशच्या रेघा उठून दिसतात, म्हणून स्प्रेच मारावा लागतो. आणि मुंबईच्या हवेत आर्द्रता 85-90 टक्के! डबा कितीही हलवा, ओलावा आपलं काम करतोच. परवा पाऊस जरा थांबला म्हणून गॅलरीत जाऊन उजव्या पंखावर दोन हात मारले. सकाळी बघतो तर अख्खा पडदा पिठूळ, बोट फिरवलं तर नुसता पॉलिश पेपर. खवल्यांत हे एक वेळ खपून जातं, पंखावर लपवणार कुठे? वरून तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, दिला की तो त्या कणांत अडकतो आणि वाळल्यावर चहाच्या कपाखाली उमटतो तसा डाग!

मग तो थर काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश आणि दोन तास घासणं. त्यात खांद्याच्या सांध्यात भरलेली ॲक्रिलिक पुट्टीही सुटून येते. पंख सुटेच रंगव, असं प्रत्येक जण सांगतो. अरे, पण आधी चिकटवल्याशिवाय ती फट बुजवायची कशी?

एअरब्रशसाठी, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासाठी, पैसे साठवतोय. तोवर पंखांसकट अख्खा ड्रॅगन ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात, थेट ऑक्टोबरपर्यंत.