काठीवाला म्हातारा कसा निवडावा

बीजिंगमध्ये सुखाने म्हातारं व्हायचंय? मग पेन्शन, गुडघे आणि सून यांचं नंतर बघू. आधी एक बरासा म्हातारा हेरून ठेवा. वयाने तुमच्याएवढाच, पण काठी टेकत चालणारा. चिनीत म्हणच आहे: वरच्याशी ताडून पाहिलं तर कमी पडतं, खालच्याशी पाहिलं तर पुरून उरतं. यातला पहिला अर्धा भाग आजच विसरा.

साठी उलटली की उद्यानांत प्रवेश फुकट, तेव्हा रोज सकाळी थ्येनथान, म्हणजे स्वर्गमंदिराचं उद्यान, गाठा. तिथल्या लांबलचक ओसरीत पत्ते कुटणारे, पिसांचं फूल पायाने उडवणारे, पाण्यात बुडवलेल्या कुंचल्याने फरशीवर अक्षरं काढणारे, सगळे तुमच्याच वयाचे. पण म्हातारे ते. तुम्ही फक्त निवृत्त. (तेही तुमच्याबद्दल हेच बोलतात. कानाचं यंत्र तेवढ्यापुरतं बंद ठेवा.) एखादा सत्तरीचा गृहस्थ आडव्या बारवर गर्रकन गिरकी घेताना दिसला, तर त्याने जन्मतारीख खोटी लावली आहे असं समजा.

पैशाच्या बाबतीत जरा जपून. सरकारी खात्यातून निवृत्त झालेला शाळासोबती भेटला तर हवापाण्यावरच बोला, पेन्शन त्याचीच जाड असते. तुमच्या समाधानाला गावाकडचा चुलतभाऊ आहे. जन्मभर शेत कसल्यावर त्याला महिन्याला सुमारे 200 युआन मिळतात, म्हणजे जेमतेम अडीच हजार रुपये. तो सत्तरीतही शेतातच असतो, उद्यानात दिसत नाही. त्यामुळे त्याला तुमच्याविषयी काय वाटतं, हा प्रश्नच येत नाही.

मुलांचा विषय मात्र काढूच नका. शांघायच्या पीपल्स पार्कात शनिवार-रविवारी आईबाप लेकरांचं वय, पगार, घरदार कागदावर लिहून तो छत्रीला लावतात आणि स्थळांची वाट बघत बसतात. तिथे एकुलत्या एकाची पत घसरली की तुमचीही घसरते.

एवढ्यानेही भागेना, तर थ्येनथानमध्येच एक दार आहे. अठराव्या शतकात सत्तरी गाठलेल्या छ्येनलुंग बादशहाची पायपीट वाचावी म्हणून काढलेलं. पुढच्या वारसांपैकी जो सत्तरीला पोचेल त्यानेच इथून जावं, असा त्याचा हुकूम होता. एकालाही जमलं नाही. तुम्ही 72 वर्षांचे. दारासमोर ताठ उभे राहा आणि फोटो काढायला त्या काठीवाल्यालाच सांगा.