खाजगी शाळा निवडताय? हा घ्या फुकटचा सल्ला

फुकट मिळालेल्या गोष्टीला आपल्याकडे किंमत नसते, त्यामुळे हा सल्ला कोणी मनावर घेणार नाही याची मला खात्री आहे. म्हणूनच बिनधास्त देते.

"खाजगीत घालावं की मनपाच्या शाळेत" हा प्रश्न तसा आता कोणाला पडतच नाही म्हणा. आमच्या नाशिकमध्ये पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंत कुठल्याही सोसायटीत विचारा, प्रश्न एवढाच असतो की कुठल्या खाजगीत, आणि बस दारापर्यंत येते का. पण एखादं नवं जोडपं निघतंच, ज्यांना वाटतं की बारा-पंधरा वर्षं पैसे भरायचेत तर आधी जरा हिशोब करून बघू. त्यांना एवढंच सांगायचंय की करू नका. हिशोब केला की विचार येतात, आणि विचार करत बसलात की ॲडमिशन हुकते.

शाळा बघायला जाल तेव्हा गेट बघा. मोठं पाहिजे. आत खोटं हिरवं गवत, रिसेप्शनला सोफा, एसी, काचेच्या कपाटात ट्रॉफ्या (कसल्या स्पर्धेच्या ते जवळ जाऊन वाचायचं नाही). इथे शिकवतं कोण, हे तर अजिबात विचारायचं नाही. शिक्षकांचं शिक्षण काय, मागच्या जूनमधले किती जण यंदा टिकले, हातात पगार किती पडतो, असलं काही काढलंत तर काउन्सेलर मॅडम गोड हसून तुम्हाला स्विमिंग पूल दाखवायला नेतील. पूल कोरडा असेल. त्याचं खापर गंगापूर धरणावर फोडलं जाईल.

मुलाखतीला जाताना नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट घाला.

मुलाखत म्हणायचं नाही हां, 'इंटरॅक्शन' म्हणायचं. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि त्याच्या कलम 13 मध्ये साफ लिहिलंय की ॲडमिशन देताना मुलाची चाळणी लावायची नाही, आईबापाचीही लावायची नाही, आणि डोनेशन घेतलंत तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड. म्हणून तर शाळा डोनेशन घेत नाहीत, डेव्हलपमेंट फंड घेतात. आणि आईबापाची इंटरॅक्शन घेतात. आमचे हे अंबडला कंपनीत आहेत, त्यांना विचारलं होतं, "व्हॉट इज युअर पेरेंटिंग फिलॉसॉफी?" ह्यांनी सांगितलं की थर्ड शिफ्ट असली की झोपतो. ॲडमिशन झाली, कारण चेक क्लिअर झाला होता.

मनपाच्या शाळेत मात्र चुकूनही पाऊल ठेवू नका. गेलात तर तिथे डीएड झालेले, टीईटी पास झालेले शिक्षक भेटतील, आणि मग उगाच डोकं फिरतं. बालभारतीची पुस्तकं फुकट, दुपारची खिचडी फुकट, स्मार्ट स्कूलच्या नावाने वर्गात डिजिटल बोर्डपण बसवलेत आता. कायद्यात पाचवीपर्यंत 30 मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण दिलंय, आणि माझ्या मुलीच्या लाखभर रुपयांच्या वर्गात 44 मुलं आहेत, तिला दोनदा बाथरूमला जायचं असेल तर एकदाच बाईंचं लक्ष जातं. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हिवाळी नावाचं आदिवासी गाव आहे, तिथली जिल्हा परिषदेची शाळा वर्षाचे 365 दिवस चालते आणि पोरं दोन्ही हातांनी लिहितात. तिकडे तर सहलीलासुद्धा जाऊ नका, परत येऊन ॲपवर फी भरताना हात थरथरतील.

आता लगेच मला कोणी सरकारी शाळांची वकील ठरवू नका. सरकारने आपल्याच शाळांचं काय करून ठेवलंय ते दिसतंच आहे. शिक्षक वर्गात कमी आणि मतदार याद्या, सर्वेक्षण, कुठल्यातरी लिंकवर फोटो अपलोड करण्यात जास्त. 2024 ला 'एक राज्य एक गणवेश' आणला, अर्धं वर्ष संपत आलं तरी कित्येक पोरांना गणवेश नाही, ज्यांना मिळाला त्यांना मापाचा नाही, शेवटी डिसेंबरमध्ये योजना मागे घेऊन खरेदी पुन्हा शाळा समित्यांकडे दिली. त्याआधी 2023 ला पुस्तकातच वहीची कोरी पानं शिवली, 2025 ला तीही काढली. असले प्रयोग तिथे चालतात कारण तिथे ओरडणारे पालक उरलेले नाहीत, ओरडू शकणारे सगळे पैसे भरून आमच्या गेटबाहेर गाडी डबल पार्क करून उभे आहेत.

फी विचारताना फक्त ट्यूशन फी विचारा, बाकीच्या वर्षभरात आपोआप कळत जातात.

बसचे पैसे मे महिन्याचेही भरा. बस गावाला जाते बहुतेक.

आता पुस्तकांकडे येऊ, कारण खरं तर मी त्यासाठीच बसलेय लिहायला. सल्ला असा: शाळेने सांगितलेल्या दुकानातूनच 'किट' घ्या आणि तोंड बंद ठेवा. शाळेच्या आवारात वह्या-पुस्तकं-गणवेशाचा धंदा करू नका असं सीबीएसईने 2017 ला शाळांना बजावलं होतं, आमच्या शाळेने ते शब्दशः पाळलंय, दुकान आवाराबाहेर आहे. अख्ख्या नाशिकमध्ये एकच. भर एप्रिलच्या उन्हात रस्त्यापर्यंत लाईन, छत्री धरून आज्या उभ्या, आत एक पंखा आणि तोही दुकानदाराकडे तोंड करून. तिसरीचं किट 8,640 रुपये. मी म्हटलं, दादा, ही ॲटलास आणि डिक्शनरी घरी आहे, गोंदाच्या बाटल्या चार कशाला, तेवढं काढून द्या. तो पोरगा मान वर न करता म्हणाला, "मॅडम, सेट तुटत नाही." मी म्हटलं, बिल? तर एका चिठ्ठीवर "स्टेशनरी" आणि खाली आकडा, दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही, काही नाही. पक्कं बिल पाहिजे म्हटल्यावर मालक उठून आले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या मुलीचं नाव आणि डिव्हिजन सांगा, शाळेशी बोलून घेतो." म्हणजे धमकी पण किती नम्र बघा. मागे लाईनमध्ये आमच्याच सोसायटीतले निम्मे होते, सगळे अचानक मोबाईलमध्ये.

घरी येऊन किट उघडलं. शाळेचा लोगो छापलेल्या वह्या, लोगो छापलेली खाकी कव्हरं, लोगो छापलेली लेबलं. साध्या वहीवर गणित सुटत नाही असं काहीतरी असेल. शेजारच्या वहिनींचा मुलगा यंदा चौथीत गेला, त्यांच्याकडून जुनी पुस्तकं घेता आली असती, पण शाळेचा मेसेज होता की "न्यू एडिशन ओन्ली". मग मी वहिनींचं जुनं आणि आमचं नवं, अशी दोन्ही इंग्लिशची पुस्तकं डायनिंग टेबलवर शेजारी शेजारी ठेवून बघितली, पानन् पान. धडे तेच, प्रश्न तेच, चित्रंही तीच. पहिल्या धड्यातल्या रोहनचं नाव विहान केलंय आणि मध्ये दोन पानं कोड्यांची घुसवलीत, म्हणजे पुढचे सगळे पान नंबर सरकले, म्हणजे वर्गात "पेज 41 उघडा" म्हटलं की जुन्या पुस्तकवाल्याचं तेच पान 39 नंबरचं निघणार आणि ते पोर बावरणार. या एका विहानची किंमत 485 रुपये. एनसीईआरटीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या संस्थेचं, तिसरीचं पुस्तक 65 रुपयांना मिळतं, ते लावायला काय धाड भरलीये यांना, पण नाही, 65 रुपयांत कोणाचं कमिशन सुटणार? व्हॅल्यू एज्युकेशनचंही पुस्तक आहे हां सेटमध्ये, प्रामाणिकपणावर धडा आहे त्यात, बिल न देता विकलेला. मागच्या वर्षीचं तर मुलीने उघडलंसुद्धा नव्हतं, नव्याचा वासही गेला नव्हता त्याचा, रद्दीवाल्याने दुसऱ्या रद्दीच्याच भावात घेतलं. चीड येते चीड.

असो. सल्ल्यांवर येते.

मराठीचं टेन्शन घेऊ नका. 2020 च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी सक्तीचं आहे, पण आमच्याकडे कॉरिडॉरमध्ये मराठी बोललं की वहीत रिमार्क येतो. 27 फेब्रुवारीला मात्र कुसुमाग्रजांच्या फोटोला हार, मुलींना नऊवारी, तिचं भाडं वेगळं. तात्यासाहेब याच गावात शिकले, राहिले, आणि त्यांच्या फोटोसमोर आमची पोरं "गुड मॉर्निंग एव्हरीवन"ने सुरुवात करतात.

शाळेबरोबर ट्यूशन लावा, नाहीतर शाळेचा उपयोग होत नाही. पीटीएमला आपला नंबर आला की बाई म्हणतात, "शी इज अ ब्राइट चाइल्ड, बट शी नीड्स प्रॅक्टिस ॲट होम." चार मिनिटं झाली की पुढचे पालक. घरी घ्यायचं तर मग तुम्ही काय घेता, हे विचारायचं नसतं. सहा तास शाळा, दोन तास ट्यूशन, रात्री आईने प्रोजेक्टचं थर्माकोल कापायचं. मुलांना वाचता-लिहिता किती येतं ते तपासणाऱ्या 2024 च्या 'असर' अहवालात देशभरातल्या ग्रामीण भागातल्या खाजगी शाळांचे तिसरीचे आकडे बघा कधीतरी, दुसरीचा उतारा वाचता येणारं मूल साधारण तीनात एक. सरकारीत त्याहून कमी आहे, मान्य. पण म्हणजे तीनातल्या दोघांचे आईबाप पैसे कशाचे भरतायत?

वर्गात आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांतली मुलं असतील तर नाक मुरडायला शिका, सोसायटीत त्याला मान आहे. "एवढी फी भरून त्यांच्याच शेजारी बसवायचं का" हे वाक्य मी पार्किंगमध्ये ऐकलंय, म्हणणाऱ्या बाई दर गुरुवारी दत्तमंदिरात प्रसाद वाटतात. 2024 च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलून जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खाजगी शाळांना या 25 टक्क्यांतून मोकळं केलं, तेव्हा आमच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर चक्क पेढ्यांचे इमोजी आले होते. जुलैमध्ये हायकोर्टाने तो बदल रद्द केला. मग ग्रुप शांत. अहो, ती पोरं तुमच्या मुलांइतकीच हुशार निघतात आणि त्यांच्या घरी प्रोजेक्ट करून द्यायला कोणी नसतं, नाक कोणी मुरडायचं तेवढं ठरवा.

आणि ग्रुपवरून आठवलं, बास झाली आता गंमत. आमच्याच शाळेतल्या पालकांशी सरळ बोलते.

तुम्ही लुटले जाताय याचं मला आता दुःख होत नाही, राग येतो तो तुमचा. 2011 चा फी नियमनाचा कायदा आहे महाराष्ट्रात. फीवाढीचा प्रस्ताव शाळेने सहा महिने आधी पालक असलेल्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो, ठरलेली फी दोन वर्षं बदलायची नसते, समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. आपल्या शाळेची समिती कोणती, त्यात कोण आहे, एकाला तरी माहितीये? चिठ्ठ्या कधी टाकल्या? ज्यांची नावं आहेत त्यांना तरी आपलं नाव आहे हे ठाऊक आहे का? 2018 ला दुरुस्ती करून सरकारने फीविरुद्ध दाद मागायला किमान 25 टक्के पालक लागतील असं करून ठेवलं, कारण त्यांना पक्कं माहिती होतं की नाशिक असो की नागपूर, 25 टक्के पालक एका कागदावर येणार नाहीत. बरोबर ओळखलंय तुम्हाला. किटचा विषय काढला तर ग्रुपवर शंभर मेसेज, सगळे तावातावाने, आणि अर्ज करू म्हटलं की एक म्हणते यांना विचारून सांगते, एक म्हणतो ताई तुम्ही पुढे व्हा आम्ही मागे आहोतच, एक म्हणतो मुलाला टार्गेट केलं तर. अहो एकट्याच्या मुलाला टार्गेट करता येतं, तीनशे मुलांना कसं करतील? भाजीवाल्या मावशीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करता, गंगाघाटावरच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी तीनदा उलटीपालटी करता, आणि 8,640 रुपये कच्च्या चिठ्ठीवर मोजून देता आणि वर "थँक यू" म्हणता!

मनपाच्या शाळेत मुलं घाला असं मी म्हणतच नाहीये, तेवढी हिंमत कोणात नाही. निदान ज्या शाळेत घातलीयेत तिथे तरी पालकासारखं वागा, गिऱ्हाईकसुद्धा बिल मागतं.

शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज टाइप करून ठेवलाय, दोन्ही पुस्तकांच्या झेरॉक्स जोडल्यात, ती चिठ्ठीपण जोडलीये. रविवारी सकाळी दहापासून क्लब हाऊसला बसतेय. हात जोडलेले इमोजी पाठवू नका, पेन घेऊन या.