नौपाड्यातला नो कॅरियर

फुकट ते पौष्टिक, या बाण्याने मी लिनक्सच्या, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमच्या, नादी लागलो. साल 2001. एका मासिकासोबत रेड हॅट 7.1 या लिनक्सच्या सीड्या आल्या आणि बाबांच्या ऑफिसने भंगारात काढलेला पेंटियम घरात नुसता पडून होता. विंडोज विकत घ्यायची ऐपत नव्हती आणि चोरून टाकायचं तर बाबा सरकारी नोकरीत.

इन्स्टॉलेशन सुरळीत चाललं होतं. मग त्याने मॉनिटरची हॉरिझॉन्टल फ्रिक्वेन्सी विचारली. भलता आकडा दिल्यास मॉनिटर बिघडू शकतो, असा इशारा माहितीपत्रकात होता. तो मी मोठ्याने वाचला, हे नडलं. बाबा पेपर बाजूला ठेवून मागे येऊन उभे राहिले. शेवटी त्यांनीच मॉनिटरच्या पाठीमागे बॅटरी धरली, मी स्टिकरवरचे आकडे वाचले आणि पडदा उजळेपर्यंत दोघांनीही श्वास रोखून धरला.

साऊंड कार्ड मात्र गुणी निघालं. एसएनडीकॉन्फिग नावाचा प्रोग्राम चालवला की तो कार्ड ओळखायचा आणि चाचणी म्हणून खुद्द लिनस टोरवाल्ड्सचा आवाज ऐकवायचा. आपलं नाव सांगून हा गृहस्थ ‘लिनक्स’चा उच्चार कसा करायचा ते सांगायचा, बस्स. तेवढ्यावर बाबा खूश. “कोण हा?” “ज्याने हे 1991 साली लिहायला घेतलं तो. फिनलंडचा.” “सज्जन वाटतो,” म्हणाले, आणि आईला ऐकवायला परत लावायला लावला.

खरा छळवाद पुढे होता. फोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडणारा मोडेम लॅमिंग्टन रोडवरून आणला होता, स्वस्तातला, पेटीच्या पोटात बसणारा. लिनक्सला तो दिसेना. पेटीतल्या कार्डांच्या, म्हणजे पीसीआयच्या, यादीत नाव येई, पण फोन लावायला सांगितलं की ढिम्म. कारण काय, ते इंटरनेटवर शोधायचं, आणि इंटरनेट तर मोडेममधून यायचं! गोखले रोडच्या सायबर कॅफेत जाऊन पैसे मोजले तेव्हा उलगडा झाला. याला विनमोडेम म्हणतात. खऱ्या मोडेमला आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारं स्वतःचं डोकं असतं. यात ते काढून टाकलेलं. डोक्याचं काम संगणकाच्या प्रोसेसरने करायचं आणि ते कसं करायचं हे फक्त विंडोजच्या ड्रायव्हरला, म्हणजे ते यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामला, ठाऊक. काही चिपसाठी भल्या माणसांनी लिनक्सचे ड्रायव्हर लिहिले होते. माझ्या चिपच्या वाट्याला एकही भला माणूस आला नव्हता.

दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, “साहेब, विंडोज टाका ना.”

शेवटी शिकवणीच्या पैशातून बाहेर ठेवायचा सिरीयल मोडेम घेतला. तो ज्या खाचेत जोडायचा तिला विंडोजवाले कॉम-1 म्हणतात, ती इथे टीटीवायएस0, कारण इथली मोजणी शून्यापासून. फोन लावून देणाऱ्या डब्ल्यूव्हीडायल या प्रोग्रामने मोडेमला चटकन हुडकलं. लाल दिवे लुकलुकले, आणि पडद्यावर उमटलं: नो डायलटोन. अहो, डायलटोन मोडेमच्याच स्पीकरमधून मला स्वच्छ ऐकू येत होता! पण आपल्या एक्स्चेंजचा सूर त्याच्या कानाला पटत नव्हता. त्यावर एटीएक्स3 नावाचा मंत्र आहे. त्याचा अर्थ, टोनची वाट बघू नकोस, सरळ नंबर फिरव. हा मला ज्याने सांगितला त्याला मी तलावपाळीवर पोटभर पाणीपुरी खिलवली.

मग ती सुप्रसिद्ध किंचाळी, घरघर, आणि शांतता. जोडला गेलो! कॅरियरचा, म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सूर मिळत असल्याचा, दिवा लागला. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या पॅरलल फोनचा रिसीव्हर आईने उचलला.

नो कॅरियर.

“तुझं ते यंत्र माझ्या कानात ओरडलं,” आई म्हणाली. डोंबिवलीच्या मावशीचा फोन ही आमच्या घरातली सर्वोच्च प्राथमिकतेची प्रोसेस. रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, असून मला ती मारता येत नव्हती. मावशी झोपल्यावरच इंटरनेट, असा तह झाला.

तहानंतर रात्री पुन्हा लावला. आकड्यांच्या पत्त्यावर पिंग, म्हणजे चाचणीची हाक, जात होता, नावाने काहीच उघडेना. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फायलीत नेमसर्व्हरचा, म्हणजे नावावरून आकडे शोधून देणाऱ्या संगणकाचा, पत्ताच नव्हता. तो घातला आणि बाबांना हाक मारली, कारण उद्याचा पेपर आजच वाचायला मिळेल असं आमिष मी त्यांना दाखवलं होतं.

मराठी दैनिकाचं पान हळूहळू, वरून खाली उतरलं. त्या काळी प्रत्येक दैनिकाचा फॉन्ट स्वतःचा, आणि तोही विंडोजपुरता. त्यामुळे माझ्या पडद्यावर मथळ्याच्या जागी रोमन अक्षरं होती, कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या दोन टिंबं, मधेच पौंडाची खूण.

बाबांनी चष्मा चढवला, पुढे वाकले, पहिला मथळा मन लावून वाचायचा प्रयत्न केला.

“फिनलंडची का रे ही भाषा?”